नाताळ 25 तारखेला संपत नाही, सुरू होतो

येत्या रविवारी आगमनकाळ सुरू होतोय. पण आमच्या आळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यापासूनच चर्चा रंगलीय. यंदा स्टार किती फुटी करायचा, साऊंड कुणाचा आणायचा, वर्गणी किती ठेवायची, बाजूच्या आळीने गेल्या वर्षी एलईडी लावली होती मग आपण काय करायचं. मी नुसता वाचत होतो. काल एकाने थेट विचारलं, "तुम्ही काहीच बोलत नाही?" ग्रुपवर लांब लिहिलं की कुणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय. वेळ काढून वाचा. नाही पटलं तर भांडा, पण शेवटपर्यंत वाचून भांडा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. 25 डिसेंबर, दुपारचे चार वाजलेले. पाहुणे जेवून गेले होते. मी पाणी प्यायला आत गेलो तर आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. वय 71. दोन्ही पाय सुजलेले. 22 तारखेपासून ती ओट्यापाशी उभी होती. करंज्या, कलकल, नानकटाई, रव्याचा केक, वर 25 च्या जेवणाचं इंद्याल. 24 च्या रात्री ती मिस्सेलासुद्धा आली नाही. "तुम्ही जाऊन या, मी मागचं आवरते," म्हणाली. आणि आम्ही नवे कपडे घालून गेलोसुद्धा! चर्चच्या मैदानात सेल्फी काढले, स्टेटसला टाकले. माझी आई आयुष्यात पहिल्यांदा नाताळच्या रात्रीची मिस्सा चुकली आणि ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी तिच्याजवळ बसलो. ती म्हणाली, "नाताळ कधी आला न् कधी गेला, मला कळलंच नाही रे."

तक्रार म्हणून नाही बोलली. सहज बोलली. त्यामुळेच जास्त लागलं.

त्याच आठवड्यात मी हिशोब मांडला. कपडे 14,000. जेवणखाण 9,000. मुलांच्या आणि भाच्यांच्या भेटी 7,000. लायटिंग आणि सजावट 6,500. आळीची वर्गणी 2,500. दुकानातला केक 2,000, घरात रव्याचा केक असताना. एकूण 41,000 रुपये. यातले निम्म्याहून जास्त क्रेडिट कार्डावर. शेवटचा हप्ता मार्चमध्ये फिटला, म्हणजे राखेचा बुधवार उलटून उपवासकाळ सुरू झाला तरी मी नाताळचं कर्ज फेडत होतो. आणि एवढं करून 26 तारखेला सकाळी विरार फास्टमध्ये उभा राहिलो तेव्हा डोक्यात एकच विचार होता, सुटलो एकदाचा.

ज्या सणातून सुटल्यासारखं वाटतं, तो सण कसला?

तेव्हापासून मला एक गोष्ट खटकतेय. खर्च जास्त होतो हे तर आहेच, पण त्याहून मोठी चूक आपण वेळेची करतो. डिसेंबर उजाडला की आपला नाताळ सुरू. ऑफिसची पार्टी, सोसायटीची पार्टी, क्लासची पार्टी, युवक मंडळाचा कार्यक्रम. 24 पर्यंत आपण इतके दमतो की 25 ला दुपारी जेवून झोपतो. 26 ला संपलं. 27 ला स्टारची वायर काढायला घेतो.

चर्चचं पंचांग याच्या बरोबर उलट आहे. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सगळे हे शिकलोय, फक्त विसरलोय. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. जांभळी वस्त्रं, दर रविवारी एक जास्तीची मेणबत्ती. तो वाट बघण्याचा काळ. आनंदाचा काळ 24 च्या संध्याकाळी सुरू होतो आणि जानेवारीत येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. मध्ये पवित्र कुटुंबाचा सण येतो, 1 जानेवारीला देवमातेचा सण येतो, मग तीन राजांचा सण येतो. दोन आठवड्यांहून जास्त दिवस! आणि आपण ते सगळं एका रात्रीत आणि एका दुपारी कोंबतो. मग आईचे पाय सुजणार नाहीत तर काय होणार?

आमच्या घरात याचा सगळ्यात मोठा फटका माझ्या बहिणीला बसायचा. ती नर्स आहे. आपल्या वसईत घरटी नाही तरी आळीत दोन-तीन तरी नर्स सापडतील. सलग तीन वर्षं तिला 24 ला नाहीतर 25 ला ड्युटी लागली. आम्ही तिच्यासाठी डब्यात इंद्याल काढून ठेवायचो. ती 26 ला यायची, डबा गरम करून एकटी जेवायची आणि आम्ही आपापल्या कामावर. तिचा नाताळ म्हणजे तो डबा. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत पहिली बातमी कुणाला देतो? रात्रपाळी करणाऱ्यांना! मेंढपाळ रात्री कळपाची राखण करत होते, असं स्पष्ट लिहिलंय. आणि आपण मात्र नाताळची वेळ अशी ठरवलीय की रात्रपाळीवाल्यांना त्यात जागाच नाही.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही बदल केला. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी जेवणानंतर सगळे बसलो. आई, मी, बायको, दोन मुलं, आणि व्हिडिओ कॉलवर बहीण. "काय करायचं" ही यादी आधी केली नाही. "कोण-कोण सोबत हवं" ही यादी आधी केली. नावं लिहिली आणि मग त्या माणसांना जमेल असे दिवस शोधले. त्यातून चार गोष्टी ठरल्या.

पहिली, सगळ्या कुटुंबाचं मोठं जेवण 25 ला ठेवायचं नाही. नाताळनंतरच्या रविवारी, पवित्र कुटुंबाच्या सणाला ठेवायचं. बहिणीला त्या दिवशी सुट्टी मिळत होती. 25 ला घरात साधं जेवण, डाळभात आणि एक मासा.

दुसरी, फराळ चारच्या ऐवजी दोन प्रकारचा आणि तो सगळ्यांनी मिळून करायचा. सगळ्यांनी म्हणजे मीसुद्धा. करंजी मला आजही जमत नाही, माझी करंजी तेलात उघडते. पण कलकल वळायला मी आणि मुलगा बसलो. काट्याच्या पाठीवर पीठ दाबून वळायचं, दोन तास गेले. त्या दोन तासांत मुलगा शाळेतलं जे काही बोलला, ते वर्षभरात बोलला नव्हता. हातात पीठ असल्यामुळे मोबाईल घेता येत नव्हता, हे खरं कारण.

तिसरी, मुलांना प्रत्येकी एक भेट, नवे कपडे फक्त मुलांना आणि आईला. नातेवाइकांकडे जाताना चॉकलेटचे खोके न्यायचे नाहीत, सुकेळी न्यायची. आपल्याकडच्या राजेळी केळ्यांची, उन्हात वाळवलेली. मुंबईचे लोक शोधत येतात आणि आपण एकमेकांना परदेशी चॉकलेटं देतो.

चौथी, गोठा अंगणात, पेंढ्याचा. थर्माकोल नाही. 2018 पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तरी आपल्या स्पर्धांमधले डोंगर अजून कशाचे असतात ते आपल्याला माहीत आहे. चुलतभावाच्या शेतातून पेंढा आणला, जुन्या मूर्ती होत्याच. खर्च 300 रुपये, तोही टेम्पोच्या डिझेलचा.

आता प्रामाणिकपणे सांगतो, सगळं गोड झालं नाही. मुलगी दोन दिवस फुगून बसली, कारण तिच्या मैत्रिणीला तीन ड्रेस आणि हिला एक. 25 च्या दुपारी घर इतकं शांत होतं की मलाच चुकल्यासारखं झालं. एक काका येऊन गेले, घरात इकडेतिकडे बघितलं आणि बाहेर पडताना हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना? पैशाची काही अडचण?" बायको हसली, पण तिलाही ते लागलं. साधेपणाला आपल्याकडे आधी अडचण समजतात, निवड नंतर.

पण त्या रविवारी टेबलाभोवती बहीण होती. ताजं, गरम जेवण तिच्या ताटात होतं. आणि 24 च्या रात्री मिस्सेला आई माझ्या शेजारी बसली होती. बाळ येशूच्या मूर्तीचं चुंबन घ्यायला रांगेत उभी राहिली, घरी परत चालत आली, वाटेत दोन घरी थांबली. एकूण खर्च साडेसतरा हजार, कार्डावर एक रुपयाही नाही.

हे सगळं बोललं की तीन प्रश्न हमखास येतात. तिन्हींत तथ्य आहे, म्हणून त्यांना उत्तर देतो.

पहिला: "ज्यांच्याकडे वर्षभर काही नसतं, त्यांनी एक दिवस झगमगाट केला तर तुमच्या पोटात का दुखतं?" नाही दुखत. ज्या घरात वर्षातून एकदाच नवे कपडे येतात, त्या घराने ते नाताळलाच घ्यावेत. साधेपणाचा उपदेश मी त्यांना करतच नाहीये. मी आपल्याबद्दल बोलतोय. आपण वर्षभर खरेदी करतो आणि डिसेंबरमध्ये आणखी करतो. आणि आपणच वर्गणीचा आकडा ठरवतो. 2,500 ची वर्गणी मला परवडते. रिक्षा चालवणाऱ्या शेजाऱ्याला ती परवडत नाही. पण यादीत नाव आणि आकडा ग्रुपवर टाकतो म्हटल्यावर तो देतो. कुठून देतो हे आपण विचारत नाही.

दुसरा: "सगळे साधे झाले तर स्टार बनवणारे, शिंपी, बेकरीवाले जगणार कसे?" योग्य प्रश्न. पण बघा, आपला पैसा जातो कुठे? माझ्या 41,000 पैकी आळीतल्या शिंप्याकडे किती गेले? शून्य. कपडे ऑनलाइन, लायटिंग मुंबईच्या बाजारातून, चॉकलेटं मॉलमधून. गेल्या वर्षी आईचा ड्रेस गावातल्या टेलरने शिवला, सुकेळी बागायतदाराकडून थेट घेतली. कमी खर्चातही गावात राहिलेला पैसा जास्त होता.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तो मोठ्याने कुणी विचारत नाही, चहाच्या टपरीवर विचारतात. "बाकीच्यांचे सण रस्त्यावर, डीजे लावून होतात. आपण मूठभर लोक. आपण गप्प बसलो तर आपण आहोत हे कुणाला कळणार?"

ही भीती मला समजते. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण आपण इथे आहोत हे लोकांना आजवर कशाने कळलं, हे जरा आठवा. नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला. 1739 मध्ये वसईचा किल्ला पडला, पोर्तुगीज गेले, आणि आपण इथेच राहिलो. मोठा स्टार लावून नाही राहिलो. शेती केली, बागा राखल्या, शाळा काढल्या, मराठीत प्रार्थना केली, मराठीत लिहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2024 च्या जुलैमध्ये गेले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने हळहळ व्यक्त केली. हरित वसईसाठी ते रस्त्यावर उतरले, बायबल सुबोध मराठीत आणलं, 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्यामुळे वसईच्या ख्रिस्ती माणसाची ओळख जिथे पोचली, तिथे आपला साऊंड सिस्टिमवाला कधी पोचणार नाही.

आणि आवाजाचंच म्हणाल तर कायदा सगळ्यांना सारखा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. गणपतीत आपल्या वयस्कर लोकांना त्रास होतो तेव्हा आपण तक्रार करतो, मग नाताळात शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजोबांना त्रास झाला तर त्यांनी कुठे जायचं? त्यांनी मोडला म्हणून आपणही नियम मोडायचा, असं ठरवलं तर तक्रार करायचा आपला हक्क आपणच घालवला.

गोठ्याच्या स्पर्धेबद्दलही थोडं. गोठ्याची प्रथा जिथून लोकप्रिय झाली ती 1223 सालची गोष्ट. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी इटलीत ग्रेच्चो नावाच्या खेड्यात नाताळच्या रात्री एक गव्हाण मांडली. त्यात गवत होतं, बाजूला खराखुरा बैल आणि गाढव होतं. बस्स. गावकरी मशाली घेऊन आले. धबधबे नव्हते, धुराचं मशीन नव्हतं, पहिलं बक्षीस नव्हतं. देव किती गरिबीत जन्माला आला हे लोकांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच हेतू होता. आज आपण त्या गरिबीचा देखावा करायला पन्नास-पन्नास हजार खर्च करतो आणि वर कोपऱ्यात प्रायोजक नेत्याचा फोटो, बाळ येशूपेक्षा मोठा.

स्पर्धा बंद करा असं मी म्हणत नाही. पोरं पंधरा दिवस रात्री जागून एकत्र काम करतात, ते मला आवडतं. मीही जागलोय. फक्त नियम बदला. गोठा पेंढा, माती, बांबू, नारळाच्या झावळ्या आणि जुन्या सामानातूनच व्हायला हवा. खर्चाला मर्यादा घाला आणि हिशोब गोठ्याशेजारी लावा. बघा, खरी कल्पकता तेव्हाच दिसेल.

आळीला, धर्मग्रामाला माझ्या तीन विनंत्या आहेत.

एक, वर्गणीची नावानिशी यादी ग्रुपवर टाकणं बंद करा. पेटी ठेवा. ज्याला जे जमेल ते तो टाकेल. रक्कम कमी जमली तर स्टार दोन फूट लहान होईल, आभाळ कोसळणार नाही.

दोन, कार्यक्रम सगळे 24 च्या आधी लावू नका. 26 डिसेंबर ते तीन राजांचा सण, एवढे दिवस मोकळे पडलेत. मुलांचे खेळ, गाणी, नाटुकली तेव्हा ठेवा. आगमनकाळाचे चार आठवडे घराला आणि बायकांना जरा श्वास घेऊ द्या.

तीन, नाताळची गाणी म्हणत घरोघरी फिरणारी आपली पोरं ज्या घरात जास्त खाऊ मिळतो तिथे जास्त रेंगाळतात. आम्हीही तेच करायचो, त्यात लपवायचं काय? पण यंदा आधी एक यादी करा. आळीत कोण-कोण एकटं राहतं? ज्यांची मुलं आखातात नाहीतर कॅनडात आहेत, ज्यांच्या घरात यंदा मयत झालंय, कोण आजारी आहे. सुरुवात त्या घरांपासून करा. आमच्या आळीत मी मोजली, अशी सहा घरं आहेत. दारात मोठे स्टार लागलेत, मुलांनी पैसे पाठवून लावून घेतलेत. आत एक म्हातारी टीव्ही बघत बसलेली असते. तिला गाणं हवंय, आणि गाणं संपल्यावर पाच मिनिटं बसणारं माणूस हवंय.

यातलं काहीच नवीन नाही. आपल्या आज्या असाच नाताळ करायच्या. त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता म्हणून करायच्या, हेही खरं. तेव्हाच्या गरिबीचं कौतुक मला करायचं नाही. पण त्यांच्याकडे नव्हतं म्हणून त्या साध्या राहिल्या. आपल्याकडे आहे, तरी साधं राहायचं ठरवता येतं. त्यांना निवड नव्हती, आपल्याला आहे, आणि ती आपण वापरत नाही.

या रविवारी मिस्सेनंतर आम्ही परत बसणार आहोत. यंदाच्या यादीत एक नाव वाढलंय, समोरच्या घरातल्या मावशी, ज्यांचे पती गेल्या मे महिन्यात गेले. त्यांचा नाताळ यंदा "नाही" आहे, असं त्या म्हणाल्या. आईने त्यांना सांगून टाकलंय, "नसू दे. कलकल वळायला तर येशील?"

त्या येणार आहेत. मुलगी यंदाही एका ड्रेसवर फुगणार आहे, त्याची तयारी ठेवलीय. करंजीचं काम मात्र मी बायकोकडून शिकून घेणार आहे, कारण आईने यंदा साफ सांगितलंय, ती बसून फक्त सूचना देणार.

तुमच्या घरी यंदा काय ठरतंय, ते लिहा. आणि काही ठरवायच्या आधी घरातल्या सगळ्यात जास्त दमणाऱ्या माणसाला एकदा विचारा की गेल्या वर्षीचा नाताळ तिला आठवतो का.